थोरलीचे श्वास

मिनिटाला एकशे बेचाळीस. मी दोनदा मोजले. आईने एकदा मोजले आणि तिचा आकडा एकशे चव्वेचाळीस आला, कारण मोजताना ती मानेने ठेका धरते आणि कधी कधी मान माशाच्या पुढे निघून जाते. निवांत असलेल्या माशाच्या कल्ल्यांवरची झाकणे मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा उघडतात. आमच्या टाकीतली मोठी क्लाऊनफिश, जिला आई ‘थोरली’ म्हणते, पंपाच्या धारेसमोर तोंड धरून उभी होती आणि जवळजवळ दुप्पट वेगाने श्वास घेत होती.

मला आठ दिवसांनी निघायचे होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संस्थेत माशांच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी माझी निवड झाली होती, आणि मी गेल्यावर दीडशे लिटरचा हा खारट संसार आईने सांभाळावा असे ठरले होते. ठरवले मी होते. आईने अट घातली होती. “पंधरा दिवस करून पाह्यतो म्हटलं मी. जमलं तं ठेवीन. एक बी मेला तं टाकी विकाची, मंग मले सांगू नको.” त्या पंधरा दिवसांपैकी तो चौदावा दिवस होता.

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात, बाबांच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये समुद्र कसा आला, याचे उत्तर सोपे आहे: मी आणला. एमएस्सीच्या वर्षी किनाऱ्यावर प्रशिक्षणाला गेले आणि परतताना पाळीव क्लाऊनफिशची एक जोडी पिशवीत घालून आले. नळाचे पाणी शुद्ध करणारे यंत्र घेतले आणि त्या शुद्ध पाण्यात कालवायला समुद्री क्षारांचे पोते नागपूरहून मागवले. ते पोते घरात आले त्या दिवशी आई दारातच थांबली.

“आधी पान्यातलं मीठ काढाले मशीन आणलं. मंग मीठ टाकाले पोतं आणलं. याले एमेस्सी म्हणतेत काय वं?”

तिचा हा उपहास महिनाभर टिकला. मग तिला कळले की या जातीत सगळेच आधी नर असतात, जोडीतला मोठा मासा मादी होतो, लहान तो नर राहतो, आणि मादी मेली तर तोच नर हळूहळू मादी होतो. आईने भाजी निवडायचे थांबवून टाकीकडे पाहिले.

“म्हणजे थोरली गेली का धाकटाच थोरली होते?”

“हो.”

“बरं हाय बाप्पा. आपल्याकडं तं बायको माहेरी गेली का नवऱ्याले चाहा बी जमत नाही.”

“जमते मले चाहा,” वर्तमानपत्रामागून बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून आई टाकीची झाली. म्हणूनच मी निर्धास्तपणे कागदपत्रे, वैद्यकीय दाखला आणि मैत्रिणींचे निरोप यांसाठी नागपूरला तेरा दिवस राहू शकले. जाताना टाकीशेजारच्या भिंतीवर एक तक्ता चिकटवला होता. त्यात चौदा सूचना होत्या, प्लास्टिकमध्ये मढवलेल्या, आणि तापमान व खारटपणा दशांश चिन्हानंतर एका घरापर्यंत दिलेला. तो तक्ता मी प्रबंधाच्या प्रस्तावापेक्षा जास्त प्रेमाने लिहिला होता.

परत आले तेव्हा थोरली धापा टाकत होती, दोन गोगलगायी तळाशी उताण्या पडल्या होत्या, आणि काचेपाशी आमच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या झिंग्याचे रिकामे, पारदर्शक कवच तरंगत होते. मी तत्काळ निदान सुरू केले. झिंग्याने कात टाकली, म्हणजे तो वाढतो आहे. मऊ अंगाने तो दगडामागे लपला असणार. गोगलगायींना शेवाळ कमी पडले असणार. प्रश्न फक्त माशाचा. अशा रीतीने मी प्रत्येक पुराव्याला वेगळे कारण बहाल केले. हे किती वाईट विज्ञान आहे यावर मुलाखतीत मी विनाथांबा पाच मिनिटे बोलले असते.

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या कातडीवर तीन परजीवी विशेष कुख्यात आहेत, आणि आईला ते समजावताना मी स्वयंपाकघरात शिरले. अंगावर रवा सांडल्यासारखे सुटे ठिपके दिसले तर पहिला. पिठी साखर भुरभुरल्यासारखी बारीक धूळ दिसली तर दुसरा. तो फार वेगाने मारतो. दुधावरच्या सायीसारखा चिकट थर सुटू लागला तर तिसरा, आणि तो क्लाऊनफिशवर विशेष लोभ ठेवून असतो. आईने टॉर्च घेतला, बाजूने प्रकाश पाडला आणि डोळे बारीक केले.

“रवा नाही. पिठी हाय का साय हाय, ते नाही समजत. पन काहीतरी धुकटलेलं हाय.”

मलाही तेच दिसत होते, आणि मला जे वाटत होते ते सांगायला लाज वाटते: आनंद. मासा आजारी होता, आईचा जीव टांगणीला लागला होता, आणि माझ्या अंगात परीक्षेच्या सकाळी येतो तसा उत्साह संचारला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या परजीवीवर औषधे वेगवेगळी आहेत. चुकीचे दिले तर वेळ जातो, आणि थोरलीकडे वेळ नव्हता. सूक्ष्मदर्शक हवा होता. भंडाऱ्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सुट्टीत दोन महिने स्लाइड वाचायला शिकले होते; सूक्ष्मदर्शक तिथे होता. परंतु हे परजीवी स्लाइडवर काही मिनिटांतच निपचित पडतात आणि मग ओळखता येत नाहीत. तेव्हा नमुना पाठवून भागणार नव्हते. पेशंटलाच न्यावे लागणार होते.

झाकणाला भोके पाडलेला प्लास्टिकचा मोठा डबा आईच्या मांडीवर, हवा सोडणारा सेलवरचा पंप माझ्या हातात, आणि आम्ही शेअर ऑटोत. समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पंपाची घरघर बराच वेळ ऐकली.

“काय हाय जी त्याच्यात?”

“पेशंट,” आई म्हणाली.

“मासोळी आहे, काका,” मी खुलासा केला. “आजारी आहे. भंडाऱ्याला तपासायला नेतोय.”

त्यांनी झाकण उचलून आत पाहिले. नारिंगी अंगावरचे पांढरे पट्टे पाहून ते जरा बिचकले. “आम्ही जनमभर तलावातच मासे पकडले, बाई. बिमार पडली मासोळी तं मीठ टाकाचं पान्यात. लागलं तं उठते.”

“हे मिठातच राह्यते जी,” आई म्हणाली.

त्यांनी हायवेकडे पाहत विचार केला. “मंग गोड्या पान्यात टाका.”

मी थक्क झाले. समुद्री माशाला काही मिनिटे गोड्या पाण्यात बुडवून परजीवी फोडणे हा पाठ्यपुस्तकातला उपचार आहे, आणि तिथवर पोहोचायला मला एक सत्र लागले होते. या गृहस्थांनी आपलाच उपाय फक्त उलटा करून तो शोधला होता. मी तसे त्यांना सांगितले. त्यांना विशेष काही वाटले नाही. उतरताना मात्र ते आईच्या कानाशी म्हणाले, “नाहीच वाचली तं तळून पाहा. रंग चांगला हाय.”

लॅबमध्ये सात-आठ जण बाकांवर बसले होते. तपासणारे दादा मला ओळखत होते, तरी संगणकात नोंद झाल्याशिवाय नमुन्याला हात लावायचा नाही ही त्यांची शिस्त.

“पेशंट कुठं हाय?”

आईने डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण काढले. दादांनी आत पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कळफलकावर बोटे ठेवली.

“वय?”

“दोन वर्षं.”

“स्त्री का पुरुष?”

“आता बाई हाय,” आईने स्वच्छ आवाजात सांगितले. “आधी माणूस होती.”

बाकांवरच्या माना वळल्या. एक काकू बाकावरून डब्याकडे सरकल्या.

“उपाशीपोटी?” दादांनी चेहरा न हलवता विचारले.

“कालपासून काहीच खाल्लं नाही तिनं,” आई म्हणाली आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. दादांनी मग टंकायचे सोडून दिले.

ओल्या कापडात थोरलीला धरले, काचेच्या पातळ चकतीने तिच्या कुशीवरचा चिकट द्राव हलकेच खरवडला, तिच्याच पाण्याच्या थेंबात स्लाइडवर ठेवला आणि तिला परत डब्यात सोडले. सगळे मिळून वीस सेकंद. डोळा भिंगाला लावताना माझ्या छातीचे ठोके थोरलीच्या श्वासांशी स्पर्धा करत होते. पेशी दिसल्या. श्लेष्म दिसला, अपेक्षेपेक्षा बराच जास्त. फिरणारे, पोहणारे, वळवळणारे काहीही नव्हते. दादांनी पाहिले, भिंग बदलून पुन्हा पाहिले.

“निल,” ते म्हणाले. “बिलकुल निल. इतकी साफ स्लाइड तं माणसाची बी येत नाही.”

बाकांवर समाधान पसरले. काकूंनी आईचे अभिनंदन केले. मी मात्र नाराज झाले, आणि नाराज झाल्याचा मला राग आला. परजीवी हवाच होता मला. मग मी एक तर्क उभा केला, आणि तो चुकीचा नव्हता हीच त्यातली गंमत: दुसऱ्या प्रकारचा परजीवी कधी कधी फक्त कल्ल्यांत बसतो, कातडीवर सापडत नाही. धाप आहे, म्हणजे कल्ले बाधित. कल्ल्यांतून नमुना घेणे धोक्याचे. सबब, थेट उपचार. परतीच्या ऑटोत मी बेत सांगून टाकला.

“आता घरी गेलं की लगेच औषध सुरू.”

“कोणतं औषध?”

“तांबं.”

“तांबं?” आईचा चेहरा उजळला. “अवं, ते तं मी पंधरा दिवसापासून देऊनच राहिले!”

मी तिच्याकडे पाहिले. पंप माझ्या हातात घरघरत होता.

“कसं काय देऊन राहिलीस?”

“तूच लिहिलं न तक्त्यात, नवं पानी कालवाले खास राखून ठेवलेलं, एकदम साफ भांडं घ्या म्हणून. मंग काय मी पोछ्याच्या बालटीत कालवू समुद्र? माहेरचा पितळेचा गुंड काढला. दिवाळीले घासला तसाच होता, आरशावानी. पितळेत तांबंच तं असते. मानसाले चांगलं, तं मासोळीले काहून नाही?”

आईचे माहेर भंडाऱ्याच्या भांड्यांच्या गल्लीतले. तिच्या घरी पाणी भरायचा पितळी गुंड लग्नात देतात, आणि पाण्यासाठी त्याहून मानाचे भांडे तिच्या लेखी पृथ्वीवर नाही.

“आई, त्याला आतून कल्हई आहे का?”

“पान्याच्या गुंडाले कल्हई कोन करते? कल्हई ताकाच्या भांड्याले. नाही तं ताक कळ—” ती थांबली. तिच्या माहेरच्या अनेक पिढ्या ऑटोत येऊन बसल्यासारख्या ती सरळ बसली. “खारट बी कळकते,” ती सावकाश म्हणाली. “लोनचं नाही ठेवत आपन त्याच्यात.”

तिला सगळे ठाऊक होते. मलाही सगळे ठाऊक होते: खारे पाणी पितळ खाते, तांबे सोडते, आणि एक रात्र ठेवले तर भरपूर सोडते. आम्ही दोघी त्याला ‘पाणी’ म्हणत होतो, आणि पाणी गुंडात ठेवतात. गोगलगायी, झिंग्याची अवेळी कात, जाड श्लेष्म, धाप, स्वच्छ स्लाइड. मी ज्यांना पाच वेगवेगळी कारणे वाटून बसले होते ती सगळी एका भांड्यात येऊन पडली. माशांचा परजीवी गोगलगायीला हातही लावत नाही. तांबे तिला आधी मारते. आणि त्यावर उपचार म्हणून मी टाकणार होते तांबे! मला हसू फुटले. असे काही फुटले की ऑटोवाल्याने आरसा वळवला. आई भांबावून माझ्याकडे पाहत होती, आणि मग माझे लक्ष तिच्या मांडीवर गेले. डब्यातले पाणी टाकीतलेच होते.

“दादा, जरा जोरात चालवा न!” मी ओरडले.

घरी आल्यावर आधी चाचणी केली. औषधाच्या बाटलीबरोबर तांबे मोजायचे द्रव येतात, आणि औषधाआधी मोजावे असा नियम आहे. तो मी सोयीस्करपणे विसरणार होते. नळीतले पाणी रंगतक्त्यातल्या शेवटच्या, सर्वांत गडद चौकोनाइतके झाले आणि तिथे न थांबता पुढे गेले. आता तांब्याचा अंशही नसलेले खारे पाणी हवे होते, भरपूर, तासाभरात, आणि धातू नसलेल्या मोठ्या भांड्यात. आमच्या घरी तसे एकच भांडे होते: तांदळाचा निळा प्लास्टिक ड्रम.

“त्याच्यात नवा तांदूळ हाय,” आई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने बैठकीत चादर पसरली. आम्ही दोघींनी ड्रम आडवा केला. पांढराशुभ्र तांदूळ धबधब्यासारखा जमिनीवर आला, पंख्याखाली पसरला, सोफ्याखाली गेला. ड्रम धुतला, पुन्हा धुतला. यंत्राशेजारच्या लहान कॅनमध्ये साठवलेले शुद्ध पाणी ओतले, क्षार टाकले, हीटर सोडला, दोन पंप लावले. तेवढ्यात फॅक्टरीच्या बसने आलेले बाबा जेवणाचा डबा हातात घेऊन दारात उभे राहिले.

“जेवाले किती लोक येऊन राहिले?” त्यांनी तांदळाकडे पाहत विचारले.

“कोनी नाही जी. समुद्र करून राहिलो,” आई म्हणाली. “हात धुवा अन् ढवळा.”

बाबांनी खरोखर हात धुतले, बाह्या सरसावल्या आणि लाकडी दांड्याने ढवळू लागले. “कवरिक ढवळू?”

“खारटपणा बरोबर येईपर्यंत,” मी म्हणाले.

“चाखून पाहू काय?”

“बाबा, नाही! मशीन आहे.”

तरी त्यांनी चाखलेच. मशीननेही नंतर तेच सांगितले: जमले होते.

थोरलीला थेंबाथेंबाने नवे पाणी देत ड्रममध्ये सोडले, मागोमाग धाकट्याला. मग टाकीत हात घालून मी झिंग्याला शोधले. तो मोठ्या दगडामागे होता, आणि कात टाकल्यावर जेवढा मऊ असतो त्याहून फार मऊ होता. मी मूठ बंद करूनच बाहेर काढली, पण आईने पाहिले.

ती तांदळाशेजारी बसून खडे निवडू लागली, नवा तांदूळ असूनही. निवडता निवडता म्हणाली, “विकून टाक टाकी. मले नको देऊ. मी तिले रोज जहर देऊन राहिली होती अन् वरून तिच्याशी बोलत बी होती.”

“आई, चूक माझी आहे न. धुवायचा ब्रश कोणता ते लिहिलं, भांडं कशाचं ते नाही लिहिलं.”

“तू नवीनच हायेस. मी तं भांड्याच्याच घरची हावो.”

युक्तिवादाने ती ऐकणार नव्हती. पुरावा हवा होता, आणि तो ड्रममध्ये पोहत होता. मी आईच्या हाती घड्याळ दिले. संध्याकाळी आकडा एकशे अठ्ठावीस. आईने विश्वास न बसून पुन्हा मोजले. या वेळी मानेने ठेका धरला नाही. सकाळी एकशे सहा. बाबा कामावर निघताना जोडे हातात घेऊन ड्रमपाशी आले आणि तेही मोजू लागले. त्यांचा आकडा सत्तर आला, कारण ते धाकट्याचे मोजत होते. मी टाकीत तांबे शोषणाऱ्या कोळशाच्या पिशव्या टाकल्या, पाणी पुन:पुन्हा बदलले, रोज नळीत रंग पाहिला. रंग फिका होत गेला. दगडांत मुरलेले तांबे निघायला बरेच आठवडे लागणार होते, म्हणजे मासे तोवर ड्रममध्येच, आणि आम्ही रोज तांदळाला वळसा घालून चालणार. शेजारच्या काकू वाटी मागायला येऊन ड्रममध्ये डोकावून गेल्या, मग आणखी दोघींना घेऊन आल्या. आईने कोणालाच काही सांगितले नाही. सगळ्यांना मीच सांगितले, हातवारे करून, दर वेळी थोडे अधिक हसत; आई आतून म्हणायची, “पुरे वं.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी श्वास अठ्ठ्याऐंशी. खाणे मात्र शून्य. मी गोठवलेल्या खाद्याचा तुकडा चिमट्याने धरला. थोरलीने तोंड फिरवले. दुसऱ्या बाजूने धरला. तिने तिकडूनही तोंड फिरवले. मी भुकेच्या अभावाची कारणे मनात क्रमाने मांडू लागले, कल्ल्यांची इजा, यकृताची इजा, आणि आणखी काही.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने माझ्या हातातला चिमटा काढून घेतला, बाजूला ठेवला, खाद्याचा एक कण दोन बोटांत चुरगळला आणि बोटांची टोके पाण्याला लावून ती थांबली. नेहमी तसेच करायची म्हणे. चौदा सूचनांत ते नव्हते. “ये वं माय,” ती म्हणाली. “चुकलं माझं. ये.”

नारिंगी डोके सावकाश वर आले. कण गेला. दुसरा कण गेला. तिसऱ्याला थोरलीने आईच्या बोटाला टोचले आणि आई किंचाळली, आनंदाने, अशी की बाबा आंघोळ अर्धी सोडून विचारू लागले काय झाले. मी घड्याळ घेऊन ड्रमवर ओणवी झाले, आकडा नोंदवायला, कल्ले जवळून पाहायला, आणि खरे तर माझेही डोळे भरले होते म्हणून तोंड खाली धरायला.

आईने कोपराने मला ढकलले.

“सरक वं बाजूले, उजेड अडवू नको. तिले आता मीच दिसली पाह्यजे. तू तं चालली.”